उताराची उधारी

कॉम्रेड्स ही शर्यत धावून आलेल्या माणसाला पुण्यात हमखास विचारतात, "कोच कोण?" मी खरं ते सांगते आणि ऐकणाऱ्याला ते अपुरं वाटतं. वेळापत्रक आखून देणारे सर होते, त्यांचे उपकार आहेतच. कुठल्या आठवड्यात किती धावायचं, कधी हात आखडता घ्यायचा, हे सगळं त्यांनी पाहिलं. पण नव्वद किलोमीटरच्या त्या रस्त्यावर माझे पाय ज्या विद्येवर शेवटपर्यंत टिकले, ती मला सिंहगडावर दही विकणाऱ्या एका बाईंनी दिली. मी त्यांना आक्का म्हणते. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून इथेही आक्काच.

आधी ती शर्यत काय आहे ते सांगते, कारण तिचा जन्मच ऋणातून झालेला आहे. दक्षिण आफ्रिकेत व्हिक क्लॅपहम नावाचा रेल्वेचा एक इंजिनचालक होता. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत त्याने सुमारे २७०० किलोमीटर पायपीट केली. जे सोबती परतले नाहीत त्यांचं स्मारक व्हावं, आणि ते दगडाचं नको, माणसांच्या सहनशक्तीचं असावं, असं त्याच्या मनात होतं. पीटरमारित्झबर्ग ते डर्बन हे अंतर पायी कापण्याची शर्यत त्याने माजी सैनिकांच्या संघटनेपुढे मांडली. काही वर्षं नकारच मिळाला. १९२१ साली परवानगी मिळाली ती खर्चासाठी एक पौंड देऊन, आणि तोही परतफेडीच्या बोलीवर. २४ मे १९२१ रोजी ३४ जण निघाले, १६ पोचले. आज हजारो लोक धावतात. ऐपत नसलेल्या माणसाने एक पौंड उसना घेऊन मेलेल्या मित्रांसाठी एवढं उभं केलं, हे वाचल्यावरच मी या शर्यतीच्या प्रेमात पडले होते.

शर्यत एका वर्षी डर्बनहून वर चढते, पुढच्या वर्षी पीटरमारित्झबर्गहून खाली उतरते. २०१८ साली उतरण्याची पाळी होती, डाउन रन. ऐकणाऱ्याला वाटतं, उतार म्हणजे सोपं. पीटरमारित्झबर्ग सुमारे सहाशे मीटर उंचीवर, वाटेत रस्ता आठशेच्या पुढे चढतो आणि मग समुद्रापर्यंत येतो. मोठे उतार शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात, पाय आधीच संपत आलेले असताना. चढावर छाती भरते, ती थांबलं की पूर्ववत होते. उतारावर मात्र मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला अंगाचं सगळं वजन रोखून धरावं लागतं. हा ताण स्नायूचे धागे आतून उसवतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं ते यामुळेच. यावर औषध एकच, स्नायूला तो मार आधी थोडा थोडा खायला लावणं. एकदा मोठ्या उताराने दुखावलेला आणि बरा झालेला स्नायू पुढचे काही आठवडे तसाच मार बऱ्यापैकी सोसतो. शरीरशास्त्राची ही सिद्ध झालेली गोष्ट आहे.

म्हणून आमच्या सरांनी डिसेंबर २०१७ मध्ये एसआरटी अल्ट्रा धावायला सांगितली. सिंहगड, राजगड, तोरणा या तीन किल्ल्यांच्या टापूतली ही ट्रेल शर्यत. शंभर किलोमीटरचाही गट असतो, मी पन्नासेक किलोमीटरचा घेतला. गटातल्या अनेकांना ते पटलं नव्हतं. डांबरी रस्त्याच्या शर्यतीला दगडधोंड्यांत कशाला कडमडायचं, पाय मुरगळला तर सहा महिन्यांची तयारी पाण्यात, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नाही, पण त्यात एक गोष्ट सुटते. रस्त्यावरचे पन्नास किलोमीटर मी सहा-साडेसहा तासांत संपवते. डोंगरातले पन्नास मला जवळजवळ कॉम्रेड्सइतका वेळ उभं ठेवणार होते. दिवसभर पायांवर राहणं, चालत चढणं, भूक नसताना खाणं आणि भागलेल्या मांड्यांनी उतरणं याची तालीम रस्त्यावर मिळतच नाही.

तयारीसाठी सिंहगड होताच. धायरीत राहणाऱ्याला सिंहगड म्हणजे घरचा डोंगर. आतकरवाडीतून पुणे दरवाजापर्यंत तीनेक किलोमीटरची पाऊलवाट, चढ सहाशे मीटरच्या आसपास. रविवारी तिथे अर्धं पुणं असतं, म्हणून मी बँकेत जायच्या आधी, आडवारी पहाटे जायची. आणि आडवारी पहाटे त्या वाटेवर माझ्याखेरीज जी माणसं असत ती कामाला निघालेली. डोक्यावर पाटी, पाटीत दह्याची मडकी, हातात ताकाची कळशी. आम्ही हौसेने चढतो ती वाट हा त्यांचा रोजचा रस्ता.

आक्का तेव्हा साठीच्या असतील. अंगाने काटकुळ्या, नऊवारी गुडघ्याच्या जरा खालीपर्यंत खोचलेली, पायात प्लास्टिकची चप्पल. चढताना त्या बोलत नसत आणि थांबतही नसत. मी पळत त्यांना मागे टाकायची, वळणावर धापा टाकत उभी राहायची, तोवर त्या आल्याच. तोच वेग, तोच श्वास. वर मी पोचायची त्यांच्या थोडी आधी, पण माझा घामाने चिखल झालेला असे आणि आक्का पाटी उतरवून लगेच झाडलोटीला लागत. हे मी बरेच दिवस नुसतं पाहत होते.

बोलणं सुरू झालं उतारावर. मी टाचा रोवत, स्वतःला आवरत उतरत होते. आक्का मडकी पोचवून परत निघाल्या होत्या, घरी गुराला वैरण टाकायची होती. मागून आवाज आला, "आगं बाय, टाचा काय रवतीस अशा? गुडघं हितंच ठिऊन जायचंय का?"

मी बाजूला झाले. त्या पुढे गेल्या आणि मी त्यांचे पाय पाहिले. आजही डोळे मिटले की ते पाय दिसतात. पावलं इतकी लहान की एका दगडावर दोन-तीन पडावीत. गुडघे कायम किंचित वाकलेले, कधीच ताठ नाहीत. अंगठा बाकीच्या बोटांपासून सुटा आणि चपलेच्या पट्ट्याला घट्ट धरून. वर कंबरेपासून डोक्यापर्यंतचा भाग मात्र जागचा हलत नव्हता. खाली सगळी धावपळ आणि वर शांत. घसाऱ्यावर, जिथे मी बसून उतरले असते तिथे, त्या त्याच चालीने निघून गेल्या.

"आक्का, मला शिकवाल?" मी विचारलं.

"यात काय शिकवायचं?" म्हणाल्या. पण दुसऱ्या खेपेला त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या डोक्यावर ठेवली. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची पीळ देऊन केलेली चुंबळ, मधोमध दबून गुळगुळीत झालेली, दह्याचा आणि घामाचा वास असलेली. त्यावर पाटी, पाटीत चार रिकामी मडकी. "हात लावायचा न्हाई. आन् मडकी वाजली न्हाई पायजेत. पायाकडं नको बघू, म्होरं वाट बघ. पायाला ठावं असतं."

मडकी वाजत राहिली. लांब पाऊल टाकलं की वाजायची, टाच आपटली की वाजायची, घाबरून थबकले की तर चारही एकदम. पाऊल आखूड केलं आणि गुडघा सैल सोडला की गप्प व्हायची. कुठल्याही प्रयोगशाळेत यापेक्षा चांगलं यंत्र कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. पायात ताकद किती आहे हे मडक्यांना कळत नव्हतं; धक्का कुठे बसतोय एवढंच ती सांगत होती, आणि उतारावर तेवढंच कळायला हवं असतं. पुढे मी वाचलं की आखूड पावलं, वाकलेला गुडघा, स्थिर कंबर हेच प्रशिक्षक शिकवतात. आक्कांना ते त्यांच्या सासूने शिकवलं होतं, डोक्यावर पाणी देऊन.

त्या पावसाळ्याच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत, जमेल त्या दिवशी मी आक्कांबरोबर उतरत गेले. त्यांनी एक पैसा घेतला नाही. दही मात्र विकतच दिलं, फुकट दिलं असतं तर मला जड गेलं असतं हे त्यांनी ओळखलं असावं.

शर्यतीच्या दिवशी अंधारातच निघालो. कपाळावरच्या दिव्यांची रांग सिंहगडाच्या अंगावर चढत होती. मी पळाले नाही. आक्कांच्या चालीने चढले, कुणी पुढे जाऊ दे, कुणी मागे राहू दे. कल्याण दरवाजातून बाहेर पडून डोंगराची धार धरली तेव्हा डावीकडे उजाडत होतं आणि समोर राजगड, त्याच्या उजव्या अंगाला तोरणा. त्या धारेवरचं एक एक टेपाड चढून उतरताना माझ्या लक्षात आलं की मी कान देऊन ऐकते आहे. डोक्यावर काही नव्हतं, तरी मडकी वाजत नाहीत ना, हे ऐकत होते.

इथे आणखी एका ऋणाची नोंद करायला हवी. आम्ही शर्यतीला "ट्रेल" म्हणतो तेव्हा ती जणू निसर्गाने अंथरून ठेवली आहे असं बोलतो. सह्याद्रीत आपोआप झालेली वाट नसते. दर पावसाळ्यात ती गवताखाली, कारवीखाली जाते आणि दिवाळीपर्यंत गुरं आणि माणसं तिच्यावरून चालून ती पुन्हा मोकळी करतात. गुरं राखणारा, मोळी आणणारी, शाळेला डोंगर ओलांडून जाणारी पोरं, यांच्या तळव्यांनी ती टिकते. त्या दिवशी वळणावळणावर गावातली पोरं उभी होती. एक जण घसाऱ्याच्या तोंडाशी भर उन्हात सकाळपासून उभा, प्रत्येकाला तेच सांगत होता, "डावीकडनं धरा, उजवीकडं दगड सुटलाय." शेकडो माणसांना त्याने एकच वाक्य तितक्याच काळजीने सांगितलं असेल. पुढे विंझरच्या बाजूला एका घरापुढे म्हातारी तांब्या घेऊन बसली होती. ती आयोजकांपैकी नव्हती. लोक पळतायत, तहान लागली असेल, एवढंच तिला माहीत होतं. शर्यतीनंतरच्या भाषणांत "स्थानिकांचे सहकार्य" असे दोन शब्द येतात. मला ते फार थोडके वाटतात. सहकार्य आपण त्यांना करत असतो, दिवसभरापुरतं. वाट त्यांची आहे.

शेवटच्या टप्प्यात, तोरण्याच्या बाजूला, मांड्या पेटल्या होत्या. पण त्या माझं ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी मी जिना कठडा न धरता उतरले आणि सरांना फोन करून तेवढंच सांगितलं. ते म्हणाले, "मग डाउन रन होईल."

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये कॉम्रेड्सच्या पात्रतेची वेळ गाठली. मग उन्हाळाभर नुसता सराव.

जूनमध्ये पीटरमारित्झबर्गला पोचलो तेव्हा तिथे कडाक्याची थंडी होती. ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना ज्या स्थानकावर गाडीतून उतरवलं गेलं ते स्थानक याच गावात आहे, आणि त्या घटनेला त्याच आठवड्यात १२५ वर्षं झाली होती. मी फलाटावर थोडा वेळ उभी राहिले. या शर्यतीनेही कृष्णवर्णीयांना आणि बायकांना अधिकृत प्रवेश दिला तो थेट १९७५ साली. त्याआधी, १९२३ मध्ये, फ्रान्सेस हेवर्ड या बाईंचा अर्ज नाकारला गेला, तरी त्या धावल्या आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचल्या. पदक मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा बाकीच्या धावणाऱ्यांनी आणि बघ्यांनी मिळून त्यांना चांदीचा चहाचा संच दिला. माझ्या छातीवरचा क्रमांक अशा बायकांनी कमावलेला होता.

शर्यतीआधी मार्ग दाखवायला नेणारी बस इंचांगाजवळ एथेम्बेनी शाळेत थांबते. अपंग आणि दृष्टिहीन मुलांची ही निवासी शाळा अगदी शर्यतीच्या रस्त्यावर आहे. मुलांनी आमच्यासाठी गाणी म्हटली. आमच्यातल्या कित्येकांना डोळे पुसावे लागले. निघताना पेटीत सगळ्यांनी जमेल तसे पैसे टाकले.

१० जूनच्या पहाटे साडेपाचला, लाल विटांच्या सिटी हॉलसमोर राष्ट्रगीत झालं, मग खाणकामगारांचं शोशोलोझा. हजारो गळे ते एकत्र गाताना अंगावर काटा येतो. मग कोंबडा आरवल्याचा तो प्रसिद्ध आवाज आणि तोफ. अंतर ९०.१८४ किलोमीटर, मुदत बारा तास.

पहिल्या अर्ध्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. थंडीत गर्दीतून वाट काढली, चढांवर चालले, पाण्याच्या पिशव्या दाताने फोडल्या, मीठ लावलेले उकडलेले बटाटे खाल्ले. इंचांगाला ती मुलं सकाळपासून रस्त्याच्या कडेला बसली होती, चाकाच्या खुर्च्यांत, हात पुढे करून. प्रत्येक हाताला टाळी देत गेले. ड्रमंडला अर्धं अंतर संपतं. पुढे रस्त्याच्या कडेला दगडातली एक खोबण आहे, आर्थरची बैठक. पाच वेळा जिंकलेला आर्थर न्यूटन इथे विसावायचा म्हणतात. तिथे फूल ठेवून त्याला नमस्कार केला की उत्तरार्ध चांगला जातो, अशी श्रद्धा. मी फूल ठेवलं.

हिलक्रेस्ट सोडल्यावर फील्ड्स हिलचा उतार लागतो. तीनेक किलोमीटर, सलग, रुंद हमरस्त्यावरून खाली पाइनटाउनपर्यंत. साठाहून जास्त किलोमीटर झालेले असतात. माझ्या आजूबाजूला माणसं मोडत होती. माझ्याहून कितीतरी ताकदीचे, सकाळपासून माझ्यापुढे असलेले लोक कठड्याला टेकून मांड्या चोळत होते, काही जण उलटे चालत उतरत होते. मी पावलं आखूड केली. गुडघे सोडले. नजर पुढच्या वळणावर ठेवली. आणि चार मडकी डोक्यावर असल्यासारखी मान धरली. हमरस्ता, परका देश, दोन्ही बाजूंनी ओरडणारे लोक, आणि माझ्या कानात फक्त आक्कांचं "पायाला ठावं असतं". उतार संपला तेव्हा मांड्या दुखत होत्या, पण माझ्याच होत्या.

तिथून पुढे एका "बस"मध्ये शिरले. कॉम्रेड्समध्ये अनुभवी धावकाच्या मागे एका लयीत पळणाऱ्या जथ्याला बस म्हणतात. आमचा चालक झुलू होता. तो हाक देई तेव्हा सगळे चालत, हाक देई तेव्हा पळत. कुणी दमण्याची तो वाट पाहत नव्हता. दमायच्या आधीच चालायला लावत होता. गर्दीत त्याचं नाव विचारणंही जमलं नाही. मोझेस मभीडा स्टेडियममध्ये त्याने सगळ्यांना पुढे काढलं आणि स्वतः शेवटून आत आला. बारा तास पूर्ण व्हायला अजून थोडा वेळ होता.

पुण्याला आल्यावर पहिल्या सुट्टीला पेढे घेऊन आक्कांकडे गेले. पदक दाखवलं. ते जेमतेम बंद्या रुपयाहून मोठं. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि परत दिलं. फील्ड्स हिलचं सांगितलं, मडक्यांचं सांगितलं. "व्हय व्हय" म्हणत ऐकलं. पण त्यांना खरी चौकशी करायची होती ती पाणी देणाऱ्यांची. दिवसभर उभी राहतात म्हणजे त्यांचं काम बुडत नाही का? एवढ्या पिशव्या कोण भरतं? म्हातारी माणसं असतात का त्यांत? मग मी मुलांचं सांगितलं. आक्का गप्प झाल्या.

"लेकरांना काय दिलंस?"

"शाळेच्या पेटीत पैसे टाकले, आक्का."

"पैशे मोठी माणसं मोजत्यात. लेकरांच्या हातात काय दिलं?"

२०१९ साली आमच्या गटातला एक जण अप रनला निघाला. मी आक्कांना तसं सांगितलं. आठवड्याने त्यांचा मुलगा धायरीला घरी आला तो चिक्कीच्या बंद पाकिटांची पिशवी घेऊनच. पैसे देऊ केले तर त्याने दोन्ही हात मागे घेतले, म्हणाला, "आईनं सांगितलंय, ताईकडनं घ्यायचं न्हाईत." चिक्की एथेम्बेनीत पोचली. मुलांनी तिथेच पाकिटं फोडल्याचं त्या गटमित्राने फोनवर कळवलं, आणि मी तो निरोप द्यायला संध्याकाळीच आतकरवाडीला गेले.